दत्तकाच्या वेटिंगला बसवताच आहात, तर तेवढ्यात आम्हाला जरा शिकवा की!

प्रति,
महाराष्ट्रात दत्तक आणि प्रतिपालनाचं (फॉस्टर केअरचं) काम बघणारे सगळे अधिकारी, दत्तक संस्था चालवणारी मंडळी आणि जिल्ह्याजिल्ह्यातले सोशल वर्कर यांना

सप्रेम नमस्कार,

आमची लेक घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला मी उठले तर ही बाथरूमच्या दारासमोर उभी. खांद्यावर टॉवेल, एका हातात मग, दुसऱ्या हातात घडी घातलेले कपडे. बाथरूम रिकामं, दार सताड उघडं. मी म्हटलं अगं जा की आत, पाणी तापलंय, तर म्हणाली, "माझा नंबर यायचाय." घरात तिला धरून माणसं चार, त्यातली दोन अजून झोपेत, आणि ही एकटीच रांग लावून उभी.

आम्ही हसलो. खरं सांगते, पोट धरून हसलो, आणि पुढचे तीन आठवडे आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गंमत सांगितली, ती पण तिच्यासमोर. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे कळायला मला आठ-नऊ महिने लागले आणि ते कुठल्या साहेबांनी किंवा मॅडमनी सांगितलं म्हणून कळलं नाही, कसं कळलं ते पुढे येतंच.

आधी आमच्याबद्दल थोडं. नाव, गाव, संस्था काहीच लिहीत नाहीये, कारण माझं नाव लिहिलं की लेकीचं पण लिहिल्यासारखंच होतं, आणि दत्तक मुलाची ओळख उघड करायची नाही हे कायद्यातच आहे. आम्ही २०२१ च्या जूनमध्ये कारिंग्ज पोर्टलवर, म्हणजे दत्तकाच्या सरकारी वेबसाइटवर, नाव नोंदवलं. तेव्हा नवरा ४८ चा, मी ४४ ची, बेरीज ९२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नवराबायकोच्या वयाची बेरीज बघून मूल कुठल्या वयाचं मिळणार ते ठरतं, ९० च्या वर गेलात की तान्हं बाळ विसरा, मग ४ ते ८ वर्षांचं मूल. आम्हाला ते चालणार होतं. चालणार काय, आम्ही खूश होतो, म्हटलं चला रात्रीची जागरणं नाहीत, लंगोट नाहीत, बोलतंचालतं लेकरू येईल. किती कमी कळत होतं बघा आम्हाला.

तर आम्हाला 'ट्रेनिंग' मिळालं ते म्हणजे एक दुपार. एका हॉलमध्ये आम्ही ११ जोडपी, एक प्रोजेक्टर, इंग्रजी स्लाइड्स, बाई चांगल्या होत्या, मराठीत समजावत होत्या, पण विषय काय तर कागदपत्रं. पॅनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मेडिकल सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, फोटो केवढ्या साइजचा अपलोड करायचा, पासवर्ड विसरलात तर काय. दोन तासांपैकी पाऊण तास पोर्टलवर गेला. शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या तर एका काकांनी हात वर करून विचारलं की मॅडम मूल साधारण गोरं मिळेल का. हॉलमध्ये सगळे गप्प. बाई म्हणाल्या, तसं काही निवडता येत नाही. एवढंच! मला तेव्हाही वाटलं की खरं ट्रेनिंग सुरू व्हायला हवं होतं ते नेमकं त्या प्रश्नापासून, तिथेच, त्या काकांना धरून, पण तेवढ्यात चहा-बिस्किटं आली आणि सगळे उठले.

त्यानंतर होम स्टडी, म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन आमची चौकशी करते आणि रिपोर्ट लिहिते ते. आता होम स्टडीत पालकांचं समुपदेशन पण करायचं असतं, मान्य. पण मंडळी, तुम्ही कधी आमच्या बाजूनं होम स्टडी बघितलीय का? आमच्यासाठी ते कांदेपोहेच असतात हो! आठवडाभर आधीपासून घर घासलं, माळ्यावरची अडगळ शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली, सासूबाईंना पढवलं की 'मुलगा की मुलगी' असं विचारलं तर काहीही चालेल म्हणायचं आणि 'जात' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नवऱ्याला सांगितलं, तुझ्या रागाचं बोलू नकोस. सोशल वर्कर ताईंनी विचारलं, काही भीती वाटतेय का, मूल घ्यायची? आम्ही दोघं एका सुरात, नाही, अजिबात नाही, आम्ही अगदी तयार आहोत.

धडधडीत खोटं. मला भीती वाटत होती की ते मूल मला आवडलंच नाही तर? नवऱ्याला भीती होती की मोठं झाल्यावर म्हणेल तुम्ही माझे कोण. सासूबाईंना भीती होती की 'कुणाचं रक्त' आहे कुणास ठाऊक. तिघांच्या तीन भीत्या आणि तिन्ही आम्ही त्या अडगळीबरोबर शेजाऱ्यांकडे ठेवून आलो होतो. कारण समोर बसलेल्या ताईंच्या हातात पेन होतं आणि त्या पेनावर आमचं मूल अवलंबून होतं. अशा माणसाला कोण खरं सांगेल? तुम्ही सांगाल?

माझं या पत्रातलं मुख्य म्हणणं हेच आहे, बाकी सगळं त्याच्या मागेपुढे. ज्याच्या हातात आमचा रिपोर्ट आहे तो आम्हाला शिकवू शकत नाही. त्या ताई वाईट आहेत म्हणून नाही, उलट त्या बिचाऱ्या एवढ्या उन्हात एसटीनं आल्या होत्या आणि आमच्यानंतर अजून एक घर करून परत जाणार होत्या. पण परीक्षा आणि शिकवणी एकाच माणसानं एकाच वेळी घेतली की विद्यार्थी फक्त परीक्षा देतो, शिकत काही नाही.

मग वाट बघणं. आमच्या वाट्याला २० महिने आले, ते कमीच, तान्ह्या बाळासाठी नाव दिलेल्या ओळखीच्या जोडप्यांना तीन वर्षं आणि वर लागलीत. २० महिने रोज रात्री पोर्टल उघडायचं, सिनिऑरिटीचा नंबर बघायचा आणि बंद करायचं. या २० महिन्यांत आम्हाला कोणी एक फोन केला नाही, एक कागद पाठवला नाही, एक वर्ग घेतला नाही. माझ्या भावजयीला याच काळात दिवस गेले, तर तिच्या मागे केवढा गोतावळा, दर महिन्याला डॉक्टर, गर्भसंस्काराचा क्लास, डोहाळजेवण, आई, मावशी, काकू, प्रत्येकीचे दहा सल्ले, त्यातले सात फालतू पण तीन कामाचे. नऊ महिन्यांत ती पोरगी आई व्हायला तयार झाली की नाही? आणि आमच्याकडे नऊच्या दुपटीहून जास्त महिने होते, रिकामे, कोरे, आणि आम्ही तेवढ्या काळात काय केलं तर गुलाबी पडदे शिवले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मेसेज आला. रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी अमुक एक मूल आहे असं कळवतात ते. ४८ तासांत ठरवायचं. फोटो, मेडिकल रिपोर्ट, आणि चाइल्ड स्टडी रिपोर्ट, त्यात लिहिलेलं, "बालिका शांत व समंजस स्वभावाची असून तिला चित्रकलेची आवड आहे." आम्ही हुरळून गेलो. जाऊन भेटलो, दोनदा. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते, तिला विचारलं जाशील का यांच्याकडे, तिनं मान हलवली. सहा वर्षांच्या पोरीनं दोन भेटींत कशाला मान हलवली असेल याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही. होकार कळवल्यापासून दहा दिवसांच्या आत मूल घरी, प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तकाची ऑर्डर यायची बाकी पण मूल तुमच्याकडे. २० महिने काही नाही आणि मग दहा दिवसांत सगळं.

'शांत व समंजस' म्हणजे काय ते आता सांगते. ती पडली तरी रडायची नाही. एकदा जिन्यावरून घसरली, कोपर सोलवटलं, रक्त आलं, ही उठली, फ्रॉक झटकला आणि चालायला लागली. आम्ही कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, किती शहाणी बाई, रडत पण नाही. ती मला 'मावशी' म्हणायची. मला पहिल्या दिवशी फार लागलं ते, मी दर वेळी दुरुस्त करायची, मावशी नाही, आई. मला कोणी सांगितलंच नव्हतं की संस्थेत खायला घालणारी, आंघोळ घालणारी, ताप आला की डोक्यावर पट्टी ठेवणारी बाई म्हणजे मावशी, म्हणजे तिच्या भाषेतला सगळ्यात जवळचा शब्द ती मला देत होती आणि मी तो परत करत होते. पाणी प्यायला विचारायची. फ्रिज उघडायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. घरी कोणी काका-काकू जोडीनं आले की जाऊन आपली बॅग भरायची.

मग तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सगळं फिरलं. रडायला लागली, ती पण कशी, तास तास, जमिनीवर लोळून. चावायची. शाळेतून आली की दप्तर फेकायची. खोटं बोलायची, म्हणजे हातात लाडू आणि म्हणणार मी नाही घेतला. एक दिवस तिच्या उशीच्या अभ्र्याला मुंग्या लागल्या म्हणून काढला तर आत चपात्या. नऊ. काही वाळून पापड झालेल्या, काही बुरसलेल्या. मी ओरडले. आपल्या घरात कशाची कमी आहे गं तुला, असं ओरडले. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हातातल्या चपात्यांकडे बघत राहिली की आता ही त्या टाकणार.

चौथ्या महिन्यात एका दुपारी मी संस्थेचा नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. तीनदा. काय बोलणार होते ते इथं लिहिणार नाही, तुम्हाला माहितीये. तुमच्या फाइलींमध्ये त्याला 'डिसरप्शन' असा शब्द आहे. मूल परत जातं. आणि त्यानंतर ते मूल कधीच कोणासमोर मान हलवत नसेल.

आणि याच सुमारास कोणी बघायला आलं, विचारपूस करायला, तेव्हा आम्ही काय केलं माहितीये? तिला नवा फ्रॉक घातला, चिवडा-लाडू काढले आणि म्हणालो सगळं छान चाललंय. दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो, आमचे सगळे झाले, सगळ्यात आम्ही 'छान'. भीती तीच, यांच्या हातात पेन आहे, ऑर्डर अडली तर, नेलं तर. म्हणजे ज्या ताई मदत करू शकल्या असत्या त्यांच्यासमोरच आम्ही दार लावून घेतलं आणि त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, बालिका कुटुंबात रुळली आहे.

आम्हाला सोडवलं एका मावशींनी. खऱ्या मावशी, संस्थेतल्या, निवृत्त झालेल्या. लेकीला निरोप देताना त्यांनी एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला होता, तो नवऱ्याला पाकिटात सापडला. मी फोन केला आणि अर्धा तास नुसती रडले. मग त्या बोलल्या. शिक्षण सातवी आणि शिशुगृहातली नोकरी आयुष्यभर. त्या म्हणाल्या ताई, चपात्या काढू नका, तिच्या उशाशी डबा ठेवा, झाकणाचा, तिच्या नावाचा, रोज रात्री तिच्यासमोर भरा, एक दिवस ती स्वतःच विसरेल. त्या म्हणाल्या रडत नव्हती तेव्हा काळजी करायची, आता रडते म्हणजे कोणी येतंय हे तिला कळलंय. त्या म्हणाल्या आंघोळीला रांग लावते तर हसू नका, तिच्या मागे तुम्ही उभ्या राहा टॉवेल घेऊन, चार दिवसांनी म्हणा आता आपल्या दोघींचाच नंबर आहे, चल.

तो सल्ला नऊ महिने उशिरा मिळाला, पण मिळाला. डबा ठेवला. पावणेदोन महिन्यांनी एका रात्री ती डबा न भरताच झोपली. मी आणि नवरा स्वयंपाकघरात उभे राहून त्या रिकाम्या डब्याकडे बघत होतो, खुळ्यासारखे.

मला सांगा, मावशींना जे अर्ध्या तासात सांगता आलं ते आम्हाला २० महिन्यांत कोणी का नाही सांगितलं? यात ना मोठा खर्च आहे, ना परदेशी तज्ज्ञ लागतात.

परदेशावरून आठवलं. माझी आतेबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडून कळलं आणि मग मी स्वतः शोधून वाचलं. अमेरिकेतल्या कुटुंबाला भारतासारख्या हेग करारातल्या (देशादेशांमधल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) देशातून मूल दत्तक घ्यायचं असेल तर त्यांच्या नियमाप्रमाणे आधी किमान १० तासांचं ट्रेनिंग लागतं, आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की हे तास होम स्टडीपेक्षा वेगळे. वेगळे! म्हणजे जे मी वर एवढं लांबण लावून सांगितलं ते त्यांनी एका ओळीत लिहून ठेवलंय. आणि त्यात काय काय शिकवायचं तर संस्थेत वाढल्याचे परिणाम, जवळची माणसं तुटल्यानं मुलावर काय होतं, असलं सगळं. आता गंमत बघा, एकाच शिशुगृहातल्या दोन पाळण्यांतली दोन बाळं, एक जाणार अमेरिकेला, एक जाणार सांगलीला किंवा जळगावला. अमेरिकेला जाणाऱ्याचे आईबाप शिकून येणार आणि आपल्याकडचे चहा-बिस्किटं खाऊन. म्हणजे भाषा, जेवण, देव, हवा सगळं तेच म्हणून शिकायची गरज नाही असं समजायचं का? मुलगी मराठीच बोलत होती हो, पण 'माझा नंबर यायचाय' हे मराठी आम्हाला कुठे कळलं.

मला कल्पना आहे की २०२५ च्या जुलैमध्ये कारानं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, सगळ्या राज्यांना लिहिलंय, दत्तकाच्या आधी, मध्ये आणि नंतर समुपदेशन मजबूत करा, जिल्ह्यात समुपदेशक नेमा नाहीतर पॅनलवर घ्या. फार चांगलं झालं, उशिरा का होईना. पण समुपदेशन आणि शिकवणं यात फरक आहे. समुपदेशन म्हणजे एका खोलीत एक जोडपं आणि एक मॅडम, आणि आपल्याकडे त्या खोलीत जाणं म्हणजे काहीतरी बिघडलंय असा अर्थ होतो, सासूबाई तर म्हणाल्याच असत्या की आपल्याला काय वेड लागलंय का. वर्गात तसं नसतं. वर्गात दहा जोडपी असतात, शेजारचा माणूस तुमच्या मनातला प्रश्न विचारतो आणि तुम्ही नुसतं ऐकता. ते गोरं मूल मागणारे काका वर्गात असते तर सहा महिन्यांत बदलले असते, किंवा गळाले असते, दोन्ही चांगलंच.

आता कसं करायचं ते सांगते, म्हणजे मला जसं वाटतं तसं, तुमच्याकडे जास्त शहाणी माणसं आहेत. नोंदणी झाली की दोन-तीन महिन्यांत वर्ग सुरू करा, महिन्यातून एकदा, रविवारी, कारण शेतात आणि दुकानात जाणाऱ्यांना मंगळवारी सकाळी ११ ला येता येत नाही. वेटिंग आहेच, तेवढ्यातच करा, म्हणजे कोणी म्हणायला नको की ट्रेनिंगमुळे अजून उशीर झाला. नंदुरबार, गडचिरोलीच्या जोडप्याला पुण्याला बोलावू नका, फोनवर व्हिडिओनं घ्या, पण दोन तरी वर्ग समोरासमोर असू देत. मराठीत घ्या, स्लाइडवर पण मराठी. शिकवणारा माणूस होम स्टडी करणारा नको, आणि तिथं बोललेलं एक अक्षर फाइलीत जाणार नाही, फक्त हजेरी जाईल, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. हे एक केलंत तरी निम्मं काम झालं.

शिकवायला मावशींना बोलवा, त्यांना मानधन द्या, तज्ज्ञ मॅडमना देता तेवढंच. दत्तक गेलेली आणि आता २५-३० वर्षांची झालेली मुलं असतील, ज्यांना स्वतःहून बोलायचंय, त्यांना बोलवा. ती सांगतील शाळेत 'तुमचा तान्हेपणीचा फोटो आणा' म्हटल्यावर पोटात काय होतं ते. आमच्या लेकीला दुसरीत हेच सांगितलं, फोटो कुठून आणणार, तिचा पहिला फोटोच मुळी चार वर्षांची असतानाचा. त्या रात्री आम्ही तिघांनी मिळून एक बाळ काढलं कागदावर, तिनंच रंगवलं, चित्रकलेची आवड आहे ना, आणि तेच चिकटवलं. बाईंना आधी जाऊन भेटायचं असतं, शाळेत काय सांगायचं आणि काय नाही हे आधी ठरवायचं असतं, हे आता कळलं. तसंच डॉक्टर. दर नवीन डॉक्टर विचारणार, घरात कोणाला दमा, साखर? तिच्यासमोर. त्याला काय उत्तर द्यायचं याची पण तयारी लागते.

एक वर्ग फक्त आजी-आजोबांचा ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे दत्तक हा शब्द काही नवीन नाही, पिढ्यान्‌पिढ्या दत्तक विधानं झालीत, पण ती कशासाठी? गादीसाठी, वतनासाठी, पिंडासाठी, आणि घ्यायचं ते भाऊबंदातलंच. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळ बडोद्याला दत्तक गेला, त्याला शिक्षक नेमले, वाचायला शिकवलं, राज्य करायला शिकवलं आणि त्याचे सयाजीराव महाराज झाले. म्हणजे पूर्वीपासून शिकायचं कोणी, तर मुलानं! दत्तक आलेल्यानं घराला शोभायचं. सासूबाईंच्या डोक्यात तेच होतं, पोरीला आपल्या घराचं वळण लागलं की झालं. घरानं पण पोरीकडे थोडं वळायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, आणि सुनेनं सांगून काही उपयोग नसतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांच्या वयाची कोणीतरी बाई, जिच्या नातवंडात एक दत्तक आहे, तिनं सांगितलं असतं तर ऐकलं असतं. आता त्या तिच्याशिवाय जेवत नाहीत, पण पहिलं वर्ष फार जड गेलं दोघींना.

आणि प्रतिपालनाचं तर बोलायलाच नको. दत्तकाचं निदान बोललं जातं, फॉस्टर केअर म्हणजे काय हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसेल. तिथं तर अजून अवघड, मुलाचे आईबाप कुठेतरी असतात, मूल आपलं म्हणून वाढवायचं आणि वेळ आली तर हसत परत पाठवायचं. याला मन केवढं लागत असेल! २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी एकट्या माणसालाही फॉस्टर पालक होता येतं, आणि पाचऐवजी दोन वर्षांनी त्याच मुलाला दत्तक घ्यायचा विचार करता येतो. म्हणजे लोक येणार. त्यांना कोण तयार करणार? आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंचं नाव दिलंय तिला, २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी १,१०० होते. पैसे वाढले ते बरंच झालं. पण त्यात किती घरं अशी आहेत की जिथं करोनात पोरका झालेला नातू आजी सांभाळतेय, मामा सांभाळतोय. त्या आजीला कोणी सांगितलंय का की रात्री दचकून उठणाऱ्या पोराला काय म्हणायचं, आईचा फोटो भिंतीवर ठेवायचा की काढायचा? बँकेत पैसे आले का एवढंच विचारलं जातं. सावित्रीबाईंनी स्वतः एका विधवेचं बाळ, यशवंत, आपलं म्हणून वाढवलं, डॉक्टर केलं. त्यांच्या नावाच्या योजनेत एवढं तरी बसायला हवं.

एक भीती पण सांगून ठेवते. ट्रेनिंग सक्तीचं झालं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी 'सर्टिफिकेट कोर्स फक्त ४,९९९' घेऊन बसणार, आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात सर्टिफिकेट मिळणार. कृपा करून ते होऊ देऊ नका, फुकट ठेवा आणि तुमच्याच हातात ठेवा. आणि संस्थेत नेऊन मुलं 'दाखवायचा' कार्यक्रम तर मुळीच नको. माझी लेक बॅग भरायची ती उगाच नाही. प्रत्येक भेटीला नटून बसायचं आणि आपल्याला कोणी नेलं नाही हे संध्याकाळी मोजायचं, हे त्या मुलांनी खूप केलंय.

आणि वर्गाबरोबर एक जोडीदार घर द्या, म्हणजे ज्यांच्याकडे मूल येऊन चार-पाच वर्षं झालीत असं एखादं घर, ज्यांना रात्री ११ ला फोन करून सांगता येईल की आज मी तिच्यावर हात उगारला हो. हे वाक्य मी कुठल्याच सरकारी माणसाला सांगू शकले नसते, तुम्ही कितीही चांगले असलात तरी.

लेक आता नऊ पूर्ण आहे. मला आई म्हणते, आणि फार लाडात आली की मावशी. मी आता दुरुस्त करत नाही.

तुम्ही कुठल्याही जिल्ह्यात पहिला वर्ग लावा, मी आणि नवरा आमच्या खर्चानं येतो. चपात्यांचं मी सांगेन, रागाचं तो सांगेल, त्याची तयारी आहे, मी विचारलंय. मावशींना गुडघ्यांमुळे एसटी झेपत नाही, त्यांना घ्यायला गाडीची सोय करा. तारीख कळवा, फक्त दिवाळीची सुट्टी आणि वार्षिक परीक्षेचे दिवस सोडून.

आपली,
एक आई